उसना खोकला

सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. क्षयरोग केंद्राच्या मागच्या अंगणात, तीन बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, ती वारा कुठून येतोय ते बघून उभी राहिली आणि समोरच्या धिप्पाड माणसाला खोकायला सांगू लागली.

"श्वास घ्या. अजून घ्या. घ्या हो, फुकट आहे. आता धरून ठेवा. सोडा. परत घ्या. आणि आता खोका. गळ्यातून नाही, आतून. आतून!"

माणूस खोकला. भाषणाला उभं राहिलेल्या अध्यक्षांनी माइकसमोर खोकावं, तसा.

"हे काय? कोणाच्या दारात उभे आहात का? मी आत आहे, दार उघडंच आहे. नीट खोका."

तो पुन्हा खोकला. हातातल्या झाकणाच्या डबीत त्याने जे सोडलं ते तिने उजेडात धरून पाहिलं. पाण्यासारखी लाळ, वर दोन बुडबुडे.

"ही थुंकी झाली," ती म्हणाली. "मला बेडका हवाय. थुंकी काय, तिकीट चिकटवायलाही मिळते."

"ताई, नाहीच येत. देवाशपथ नाही येत. मागच्या वर्षी मागितला असता तर बादलीभर दिला असता."

याच्यावर ती मास्कच्या आड हसली. ते त्याला दिसलं नाही, पण तिच्या डोळ्यांच्या कडा आवळल्या आणि दीड वर्षाच्या ओळखीत त्याला तेवढं वाचता येऊ लागलं होतं.

केंद्रात सगळे तिला समोर ताई म्हणतात आणि पाठीमागे आतूनबाई. हुद्दा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा. डब्या घेणं, काचपट्टीवर बेडका पसरणं, तो रंगवणं, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं आणि उरलेला नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवणं, ही तिची कामं. पाठीमागचं नाव तिला ठाऊक आहे. नव्याने आलेल्या एका म्हातारबाबांनी खिडकीशी येऊन भाबडेपणाने विचारलं होतं, "बाई, आतूनबाई कुठे बसतात?" त्यावर ती म्हणाली, "आतच. या."

शिकून बाहेर पडली तेव्हा तिला रक्त-साखर तपासणाऱ्या एखाद्या स्वच्छ, थंडगार प्रयोगशाळेत जायचं होतं. नेमणूक इथे झाली. पहिल्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही आणि सासूबाईंनी घरात एक कायदा केला: जेवताना तिच्या कामाचं नाव काढायचं नाही. कायदा आजही लागू आहे. मोडतात त्या फक्त सासूबाई. पानं वाढून झाली की त्या डोळे बारीक करून विचारतात, "मग? आज कोण कोण खोकलं?"

या कामाने तिचे कान बदलले. लोक गाण्यातला सूर ओळखतात, ती खोकला ओळखते. सिनेमागृहात एकदा मागच्या रांगेतला माणूस सारखा खोकत होता. तिने मध्यंतराची वाट न पाहता मागे वळून विचारलं, "किती आठवड्यांचा आहे?" त्या माणसाला वाटलं ती त्याच्या बायकोच्या मांडीवरच्या बाळाबद्दल विचारतेय. नवऱ्याने तिचा हात धरून तिला पुढे वळवलं. पण बाहेर पडताना तिने त्या माणसाला गाठून केंद्राचा पत्ता दिलाच.

बाजारात मात्र तिला कोणी ओळखत नाही. पेशंटांनी तिचं तोंड पाहिलेलंच नसतं. बरा झालेला एखादा माणूस भाजीच्या गाडीपाशी शेजारी उभा राहून तिला धक्का मारून पुढे घुसतो, तेव्हा ती हाताच्या पंजाने नाक-तोंड झाकते आणि त्याच्याकडे बघते. मग तो माणूस ओरडतो, "अरेच्चा! ताई!" आणि तिच्या पिशवीत आपल्या पैशाने कोथिंबीर टाकतो.

तर त्या सकाळी शेडमध्ये उभा असलेला माणूस सलूनवाला होता. चौकातलं दोन आरशांचं, एका खुर्चीचं सलून त्याचं. दीड वर्षापूर्वी तो इथे आला तेव्हा शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. त्याचा बेडका तपासणीच्या यंत्रात घातला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, टीबी आहे. दोन, टीबीवरचं जे हुकमी औषध, त्याला हे जंतू जुमानत नाहीत. म्हणजे नेहमीच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांनी भागणार नव्हतं. दुसरी, जड औषधं, लांब मुदतीची. त्या गोळ्यांनी त्याला मळमळायचं, कानात शिट्ट्या वाजायच्या, तोंडाला सदान् कदा नाणं चघळल्यासारखी चव असायची. त्याने एकही गोळी चुकवली नाही. काही महिन्यांतच त्याच्या नमुन्यात जंतू उगवायचे बंद झाले आणि डॉक्टर मॅडमनी त्याला सांगितलं की आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही, कामाला लागा.

पण तो लागला नाही.

"मॅडम, मी कामाला वाकलो की माझं नाक आणि गिऱ्हाइकाचं नाक यांच्यात वस्तऱ्याएवढी जागा," तो म्हणाला होता. "मी सलूनच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांसमोर सांगून उठलोय, बरा झालो की खुर्चीपाशी येईन. तुमच्या कागदावर 'बरा' असं येऊ दे. मग येतो."

अडचण इथेच होती. उपचार संपले की केंद्र प्रत्येक पेशंटचा निकाल लिहितं, आणि चांगल्या निकालाचे दोन शब्द आहेत. शेवटच्या टप्प्यातला बेडका प्रयोगशाळेत ठेवून त्यात काहीच उगवलं नाही, तर 'बरा'. औषधं सगळी घेतली, माणूस ठणठणीत आहे, पण शेवटचा नमुनाच मिळाला नाही, तर 'उपचार पूर्ण'.

"दोन्ही एकच धरतात हो," मॅडमनी समजावून पाहिलं. "दोन्ही यशच."

"मॅडम, 'लग्न झालं' आणि 'लग्न उरकलं' हे एकच का?"

मॅडम तरुण होत्या, नुकतंच लग्न झालेल्या. त्यांनी पुढची फाईल ओढली.

आणि नमुना मिळणार कुठून? जो बरा झाला त्याला खोकला नाही. खोकला नाही त्याला बेडका नाही. बेडका नाही त्याला 'बरा' म्हणता येत नाही. आतूनबाईच्या शेडमधलं हे रोजचं त्रांगडं. एरवी तिला कोरडे पेशंट फार आवडायचे. तिच्या मते शेडमध्ये उभं राहून काहीच न देता येणं ही माणसाला मिळू शकणारी उत्तम गोष्ट होती. पण या माणसाला शब्द हवा होता.

तेवढ्यात फाटकापलीकडून खोकल्याचा आवाज आला. ओला, खोल, तीन झटक्यांचा. तिची मान आपोआप तिकडे वळली.

"कोण खोकतंय?"

"मेहुणा आहे माझा. ट्रक चालवायचा, आता आमच्याकडेच राहायला आलाय. त्याने स्कूटरवरून सोडलं मला. त्याचं काही नाही, सिगारेटचा खोकला आहे."

"तो सिगारेटचा आहे हे कोणी तपासलं?"

"त्यानेच."

"आत पाठवा त्याला."

सलूनवाल्याने हाक मारली. उत्तरादाखल स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला. "त्याला दवाखान्याचा वास सहन होत नाही," सलूनवाला ओशाळून म्हणाला.

तिने त्याच्या हातात कोरी डबी ठेवली. "घरी न्या. उद्या सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, काही खायच्या आधी. रात्रभर साचलेलं असतं. आणि लक्षात ठेवा..."

"आतून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी आली. तिने झाकण न उघडता ती उजेडात धरली आणि तिला मनापासून बरं वाटलं. घट्ट, पिवळसर, भरपूर. शिकाऊ मुलांना दाखवावा असा नमुना.

"वा!" ती म्हणाली. "काल काय झालं होतं मग?"

"काल लाजलो असेन," सलूनवाला म्हणाला आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता बाकावर जाऊन बसला. मेहुणा आज फाटकाबाहेर स्कूटरवर होता.

तिने नेहमीचं काम नेहमीसारखं केलं. काचपट्टीवर नमुना पसरला, वाळवला, तापवला. लाल रंग ओतला, आम्लाने धुतला, वर निळा दिला. बाकी सगळं धुतलं जातं, पण टीबीचे जंतू एकदा घेतलेला लाल रंग सोडत नाहीत. निळ्यात लाल काड्या दिसल्या की समजायचं. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. काही दिसणार नाही हे तिला माहीतच होतं, म्हणून तिने शांतपणे बघायला सुरुवात केली.

पहिल्याच जागी लाल काडी. शेजारी दुसरी. पट्टी सरकवली. तिथे चार, एकमेकांना टेकून.

तिने डोळे पुसले, भिंग पुसलं, पट्टीवरचा क्रमांक डबीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. क्रमांक बरोबर होता. ती उठून मॅडमच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"सलूनवाला पॉझिटिव्ह आहे."

मॅडम खुर्चीवरून उठल्या, बसल्या, मग येऊन स्वतः बघून गेल्या. दीड वर्ष. ती सगळी औषधं. याच्यानंतर देण्यासारखं जे काही उरलं होतं ते आणखी जड, आणि किती लागू पडेल कोण जाणे. बाहेर बाकावर सलूनवाला शेजारच्या माणसाला कल्ले कसे ठेवावेत ते समजावत होता.

"मेलेले जंतूही असू शकतात," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा आवाजच त्यांना साथ देत नव्हता. "यंत्रात घाला. औषधाचं काय म्हणतंय ते तरी कळू दे."

यंत्र कोपऱ्यात होतं, कॉफीच्या यंत्रासारखं दिसणारं. त्याला दोन तासांच्या आसपास लागतात. त्या वेळात आतूनबाईने इतर पट्ट्या रंगवल्या, चहा गार केला आणि एकदाही बाकाकडे बघितलं नाही. सलूनवाल्याला वाट बघायची गरज नव्हती, पण तो गेला नव्हता. मेहुणाही गेला नव्हता. फाटकाकडून अधूनमधून तो तीन झटक्यांचा खोकला येत होता.

निकाल आला तेव्हा दोघी पडद्यासमोर उभ्या होत्या. पहिली ओळ: जंतू आहेत. दुसरी ओळ: मुख्य औषधाला प्रतिकार आढळला नाही.

मॅडमनी ओळ दोनदा वाचली. "प्रतिकार नाही?"

"दीड वर्षापूर्वी होता."

"मग आता हे साध्या औषधाने मरतील म्हणतंय. हे जंतू एवढे संस्कारी कधी झाले?"

"सुधारत नसतात ना ते?"

"असे कुठले सुधारायला. चिवट झालेला जंतू चिवटच राहतो. हे वेगळेच जंतू आहेत. बाहेरून नव्याने लागण झाली असेल म्हणावं, तर काल काढलेला छातीचा फोटो स्वच्छ आहे, वजन वाढलंय, खोकला नाही. नुसते जंतूच वेगळे नाहीत ताई, हा बेडकाच..."

फाटकापलीकडे कोणीतरी खोकलं. ओला, खोल, तीन झटके.

दोघींनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं. मग एकमेकींकडे.

"असं करेल तो?" मॅडम म्हणाल्या.

"शब्दासाठी?" आतूनबाई म्हणाली. "करेल की."

सलूनवाल्याला आत बोलावलं. तो आला, टोपी काढून उभा राहिला. मॅडमनी डबी टेबलावर ठेवली.

"ही तुमचीच?"

"हो. म्हणजे... डबी माझीच."

"आणि आतलं?"

त्याने छताकडे पाहिलं. छतावर पंखा होता. त्याने पंख्याकडे बघत विचारलं, "का? काही चुकलं का? काल ताईंनीच सांगितलं आतून पाहिजे. हे आतलंच आहे."

"कोणाच्या आतलं?" आतूनबाईने विचारलं. आणि लगेच सरळ सांगून टाकलं, "या डबीत टीबी आहे."

आधी त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, कारण ती डबी त्याची नव्हती. आणि लगेच दुसरं काहीतरी दिसलं, कारण ती कोणाची होती हे त्याला माहीत होतं. टोपी टेबलावर तशीच टाकून तो बाहेर धावला. दोघी खिडकीतून बघत होत्या. त्याने स्कूटरची किल्ली काढून खिशात घातली, मेहुण्याचा दंड धरला आणि त्याला ओढतच आत आणलं.

"दाजी, हळू! शर्ट फाटेल! काय केलं मी?"

"थुंकलास!"

"तुम्हीच म्हणालात थुंक म्हणून!"

सलूनवाल्याच्या बायकोला फोन गेला. ती सलून तसंच उघडं टाकून, कमरेला केस उडालेला एप्रन बांधलेलीच आली. ही बाई दीड वर्षापूर्वीपर्यंत सलूनच्या आत कधी गेलेली नव्हती. नवरा आजारी पडल्यावर तिने आधी त्याच्याच डोक्यावर कात्री चालवून हात बसवला. त्या दिवसांत सलूनवाल्याची अवस्था आजाराने झाली होती की बायकोच्या कात्रीने, हे लोकांना कळत नसे. आता तिचा हात असा बसला होता की चौकातले लोक रांग लावायचे. तिला झाला प्रकार सांगितला. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"कुठे केलंत हे?"

"न्हाणीघरात," भाऊ म्हणाला. "वर्दळीची वेळ टाळून."

"मी बाहेर चहा करत होते आणि तुम्ही दोघं आत..."

"अगं, मी मदत केली दाजींना!"

"मदत? अरे, लोक रक्त देतात, डोळे देतात! तुला दान करायला हे सापडलं? आणि अहो, तुम्ही! दीड वर्ष गोळ्या खाल्ल्यात त्या याच्या छातीवर 'बरा' लिहून घ्यायला? मॅडम, ही दोघं ठेवून घ्या इथेच. मला सुटे करून नका देऊ, जोडीच ठेवा."

मॅडमनी हसू दाबायला खिडकी उघडली. मग वळून त्यांनी सलूनवाल्याला एवढंच सांगितलं की तपासल्याशिवाय ही डबी पुढे गेली असती, तर या उसन्या जंतूंवरून तुमची पुन्हा जड औषधं सुरू झाली असती आणि हा मेहुणा औषधाविना खोकतच राहिला असता. त्यावर कोणी हसलं नाही. मेहुण्याने ओढला गेलेला शर्ट सारखा केला.

त्याचा स्वतःच्या नावाचा नमुना लगेच घेतला. आतूनबाईने त्याला शेडमध्ये नेलं. त्याला काहीच शिकवावं लागलं नाही.

"माझं बरं होईल ना, ताई?" त्याने डबीचं झाकण लावत विचारलं.

"तुमचे जंतू औषधाला भितात. सहा महिने गोळ्या चुकवू नका. आणि सिगारेट सोडा."

"दोन्ही?"

"बायको आहे का घरी?"

"नाही."

"बहीण आहे ना. तिला सांगते मी."

"नको नको. सोडली."

त्या संध्याकाळी पानं वाढून झाल्यावर सासूबाईंनी डोळे बारीक केले. आतूनबाईने सगळं सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"उसना?" त्या म्हणाल्या. "साखर उसनी मागतात, विरजण मागतात. बेडका उसना मागितला?"

"मागितला आणि दिला."

"मग परत कसा करणार गं तो?"

नवरा पान घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

सलूनवाल्याचा प्रश्न तसाच होता. मॅडमनी ठरवलं, खाऱ्या पाण्याची वाफ देऊन बघायची. बारीक फवारा नाकातोंडावाटे छातीत गेला की आत जे काही असेल ते सुटून येतं. ठरल्या दिवशी तो आला, बायकोसकट. "यापुढे मी यांच्या एकट्याच्या हातात डबी देणार नाही," ती म्हणाली आणि मास्क लावून शेडच्या तोंडाशी स्टूल टाकून बसली. मेहुणाही आला होता, गोळ्या न्यायला. सलूनवाल्याने आता त्याला आपल्या हाताखाली घेतलं होतं. मेहुण्याने मळमळतंय म्हटलं की तो म्हणायचा, "या गोळ्या? माझ्या गोळ्यांपुढे हे शेंगदाणे आहेत. खा."

वाफ सुरू झाली. यंत्र घरघरलं. सलूनवाल्याने तोंडावरचा मुखवटा हाताने धरून श्वास घेतले, खोल, सांगितल्याप्रमाणे. वाफ संपली. तो खोकला. कोरडं. पुन्हा खोकला. खारं पाणी.

"आतून," आतूनबाई म्हणाली, पण या वेळी तिच्या आवाजात जोर नव्हता.

तो डबी हातात धरून खाली बघत बसला. "राहू दे, ताई. 'उपचार पूर्ण' लिहा. मी बाकावर बसून गिऱ्हाइकांना पेपर वाचून दाखवीन. सलून तसंही हिच्याच हाताने चालतंय."

बायको स्टुलावर चुळबुळली. "माझ्या हाताने चालतंय म्हणता, पण तुम्हाला सगळं कुठे ठाऊक आहे," ती म्हणाली. "एक गोष्ट सांगायची राहिलीच आहे. तुम्ही आजारी होतात म्हणून नाही सांगितली."

"काय?"

"आपला मिशीवाला."

सलूनवाल्याने मान वर केली. मिशीवाला हे त्याचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं. दर पंधरवड्याला येणार, डोळे मिटून बसणार आणि मिशांची टोकं गालावर कशी वळवायची हे सलूनवाल्यावर सोपवणार. त्या मिशा चौकाची शान होत्या. सलूनवाला त्यांच्याबद्दल पोटच्या पोरांसारखा बोलायचा.

"काय झालं मिशीवाल्याला? दिसला नाही बऱ्याच दिवसांत. परवा रस्त्यात दिसला तर तोंडाला मफलर गुंडाळून पलीकडून गेला."

"तो नेहमीसारखा झोपला खुर्चीत. मी वस्तरा चालवतेय आणि बाहेर गाडीचा टायर फुटला. माझा हात सरकला." तिने हाताने दाखवलं, केवढा सरकला ते. "एका बाजूची मिशी टॉवेलवर."

"अगं!"

"मी बघितलं, अजून झोपलेलाच आहे. म्हटलं, एक ठेवून काय करू? दुसरीही काढली."

सलूनवाल्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला.

"जागा झाला, आरशात बघितलं, आणि मागे वळून बघितलं, कोण बसलंय म्हणून! त्याला वाटलं आरशात दुसरंच कोणीतरी आहे. मी म्हटलं, दहा वर्षांनी लहान दिसता. तो उठला, पैसे दिले आणि दारातून परत येऊन विचारलं, 'मिशा कुठे आहेत?' मी म्हटलं, 'टॉवेलात.' म्हणाला, 'द्या.' आणि रुमालात बांधून घेऊन गेला!"

सलूनवाला हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट. "रुमालात..." तो म्हणाला, आणि पुढचं बोलता येईना. त्याला हसू आवरेना, श्वास पुरेना, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो वाकला, आणि त्या हसण्याच्या तळातून कुठून तरी एक खोकला उठला. गळ्यातला नव्हे. गेल्या कित्येक महिन्यांत आतूनबाईने त्याच्याकडून ऐकला नव्हता असा, तळाशी धरून ओढून आणलेला.

"डबी!" ती ओरडली. "आतून! सोडू नका, आतून!"

मेहुण्याने डबी तोंडाशी धरली. बायको उभी राहून पाठीवर थोपटत सुटली. खोकला एकदा आला, दोनदा आला, आणि डबीत काहीतरी पडलं.

आतूनबाईने डबी घेतली आणि उजेडात धरली. चमचाभरही नव्हता. पांढरट, चिकट, स्वच्छ. पण लाळ नव्हती ती.

"आला?" सलूनवाल्याने डोळे पुसत विचारलं.

"आला. तुमचाच आहे ना?"

"ताई!"

तिने पट्टी रंगवली. या वेळी तिने प्रत्येक जागा बघितली, जिथे बघायची गरज नव्हती तीही. निळं, सगळं निळं. मग नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे गेला. तिथे तो उबेत ठेवतात आणि काही उगवतंय का याची वाट बघतात. टीबीचे जंतू वाढायला आळशी असतात, त्यामुळे वाट बघायला सहा आठवडे लागतात. सलूनवाला तेवढे दिवस दर दोन-चार दिवसांनी खिडकीशी येऊन विचारायचा, "उगवलं का काही?" आणि ती म्हणायची, "पाणी घालू नका, उगाच उगवेल."

निकाल आज दुपारी आला. काही उगवलं नव्हतं. मॅडमनी त्याला बायकोसकट बोलावलं, पडदा त्याच्याकडे वळवला आणि त्याच्या देखत निकालाच्या जागी तो शब्द टाईप केला. त्याने तो एका बोटाने, काचेला न टेकवता, अक्षर अक्षर वाचला. दोनच अक्षरं होती, पण त्याला वेळ लागला.

"मॅडम, लग्न झालं," तो म्हणाला.

"लग्न झालं," मॅडम म्हणाल्या, "आता नांदा."

बायकोने तेवढ्यात नांदण्याची व्यवस्था सांगून टाकली. खुर्ची ती सोडणार नव्हती. तिची गिऱ्हाइकं तिची होती. पण दुसऱ्या आरशासमोरची जागा गेली कित्येक वर्षं रिकामीच होती, आणि तिथे ठेवायला तिने जुन्या बाजारातून एक खुर्ची आणून ठेवली होती, महिन्यापूर्वीच. पाय थोडा डुगडुगतो. त्याखाली पुठ्ठा घातलाय.

"महिन्यापूर्वीच? आणि उगवलं असतं तर?" त्याने विचारलं.

"तर गिऱ्हाइकांना बसायला झाली असती. चला, उठा. दुकान उघडं टाकून आलेय."

आतूनबाई खिडकीतून त्यांना फाटकापर्यंत जाताना बघत राहिली. फाटकाशी त्याने बायकोच्या एप्रनवरचा एक केस चिमटीत धरून काढला, उजेडात निरखला आणि टाकून दिला. मग आतूनबाईने पुढचा नंबर पुकारला.

संध्याकाळी सासूबाईंनी पानं वाढायच्या आधीच विचारलं. "बरा" हा एकच शब्द तिने सांगितला. सासूबाईंनी नातवाला हाक मारून गोड काढायला सांगितलं, आणि इतके दिवस बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकत आलेल्या नवऱ्याने प्रथमच विचारलं, "तो मिशीवाला कोण?"

उद्या सकाळी सलून आठ वाजता उघडेल, दोन खुर्च्यांसह. मेहुण्याच्या गोळ्यांचे पहिले दोन महिने उद्या पूर्ण होतात. त्याची तपासणी नऊ वाजता आहे, आणि त्याला आज रिकाम्या हाताने नाही, कोऱ्या डबीसह घरी पाठवलं आहे.